आवडते गाणे आणि त्याचे कारण

मुलांनो, मधल्या सुट्टीत गाणे गुणगुणणारा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला विचारा, "हे कोणते गाणे आहे रे?" तो लगेच गाण्याचे नाव सांगेल. मग विचारा, "तुला ते का आवडते?" आता मात्र तो थोडा वेळ गप्प राहील आणि म्हणेल, "का म्हणजे? छान आहे म्हणून!"

'छान' हा शब्द वाईट नाही. पण तो फार थोडे सांगतो. आंबा छान, सहल छान, ईदचा नवा सदरा छान आणि गाणेही छान! मग गाण्यात असे काय आहे, जे आंब्यात नाही? हे सांगता आले, तरच ऐकणाऱ्याला ते गाणे ऐकावेसे वाटेल आणि सांगणाऱ्याच्या मनाचीही थोडी ओळख होईल.

या पाठात आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. आपल्या देशातील लोक आपली गाण्याची आवड एकमेकांना कशी सांगत आले, ही पहिली गोष्ट. ती आवड कारणासह कशी सांगावी, ही दुसरी.

दाद

पूर्वी गाणे यंत्रातून ऐकू येत नसे. गाणारा समोर बसे आणि ऐकणारे त्याच्या भोवती बसत. गाण्यातील एखादी जागा आवडली, की श्रोता तिथल्या तिथे "वाहवा!" म्हणे. याला दाद देणे असे म्हणतात.

'दाद' हा शब्द तुम्हाला नवा नाही. उर्दूतही तो याच अर्थाने वापरतात. हा शब्द मूळ फारसी असून त्याचा मूळ अर्थ 'न्याय' असा आहे. म्हणूनच मराठीत आपण 'न्यायालयात दाद मागणे' असेही म्हणतो. गाण्याला दाद देणे म्हणजे एका अर्थी गाण्याला न्याय देणे होय. न्याय द्यायचा, तर आधी नीट ऐकून घ्यावे लागते. भलत्याच जागी "वाहवा" केली, तर श्रोत्याचे लक्ष दुसरीकडे आहे हे गायकाच्या लगेच ध्यानात येते.

मुशायऱ्यात एखादा शेर आवडला, तर रसिक 'मुकर्रर' म्हणतात. म्हणजे तो शेर पुन्हा ऐकवा. मराठी संगीत नाटकांत हेच काम 'वन्समोअर' या शब्दाने होई. बालगंधर्वांच्या नाटकांत प्रेक्षक एकेका पदाला अनेक वेळा वन्समोअर देत आणि नाटक रात्री फार उशिरापर्यंत चाले. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याची साथ उस्ताद अहमदजान थिरकवा करीत असत. नाटक मराठी, पदे मराठी आणि तबल्यावर उस्तादांची बोटे! प्रेक्षकांची दाद त्या पदाला मिळे, तशी तबल्यालाही मिळे.

समोरासमोरच्या दादेत एक सोय आहे. आपल्याला गाण्यातील नेमके काय आवडले, हे वेगळे सांगावे लागत नाही. "वाहवा" ज्या क्षणी निघते, तो क्षणच ते सांगतो. गाणारा समोर नसेल, तेव्हा मात्र शब्दांची गरज पडते. रेडिओ आला आणि ही गरज लाखो लोकांना भासू लागली.

फर्माइश

रेडिओवर आपल्याला हवे ते गाणे लागावे, अशी ऐकणाऱ्याची इच्छा असते. ही इच्छा पत्राने कळवणे म्हणजे फर्माइश. हाही शब्द फारसीतून उर्दूत आणि मराठीत आला आहे.

श्रोते साधे पोस्टकार्ड घेत. त्यावर गाण्याचे नाव, चित्रपटाचे नाव आणि खाली आपली नावे लिहीत. एकाच कार्डावर घरातील सर्वांची किंवा गल्लीतील सगळ्या मित्रांची नावे असत. निवेदक ती सर्व नावे गावाच्या नावासह वाचून दाखवी. आपले नाव रेडिओवर ऐकताना होणारा आनंद काही निराळाच असे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' ही सेवा सुरू झाली. सीमेवरील जवानांच्या फर्माइशींसाठी तिच्यावर 'जयमाला' हा कार्यक्रम असे. मराठी गाण्यांच्या फर्माइशींसाठी आकाशवाणीवर 'आपली आवड' हा कार्यक्रम लोकप्रिय होता.

फर्माइशींमुळे एक लहान गाव साऱ्या देशाला माहीत झाले. त्याचे नाव झुमरी तलैया. ते तेव्हा बिहार राज्यात होते. २००० सालापासून ते झारखंड राज्यात आहे. हा भाग अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता. या गावातून इतक्या फर्माइशी येत, की असे गाव खरोखर आहे की कोणी कल्पनेने रचले आहे, अशी शंका पुष्कळांना येई. गाव खरेच होते. तेथील लोकांना गाण्याचा छंद होता आणि आपला छंद दुसऱ्यांना कळवण्याची हौसही होती.

पत्रांचा पाऊस

फर्माइशींचा विषय निघाला, की अमीन सयानी यांची आठवण होते. त्यांचा जन्म १९३२ साली मुंबईत झाला. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढांना साक्षर करण्याचे काम करीत. त्यांनी महात्मा गांधींच्या प्रेरणेने 'रहबर' नावाचे पत्र चालवले. ते सोप्या हिंदुस्थानी भाषेत असे आणि उर्दू, देवनागरी व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. लहानपणी अमीन सयानी आईला या कामात मदत करीत. सर्वांना समजेल असे साधे बोलण्याचे शिक्षण त्यांना घरातच मिळाले.

१९५२ च्या सुमारास भारतीय नभोवाणीवर हिंदी चित्रपटगीते फार कमी लागू लागली. चित्रपटगीते शास्त्रीय संगीताच्या मानाने हलकी आहेत, असे तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांचे मत होते. लोकांना मात्र ती गाणी हवी होती. मग त्यांनी रेडिओचा काटा फिरवून कोलंबोचे रेडिओ सिलोन लावायला सुरुवात केली. याच केंद्रावर ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि तिचे निवेदन अमीन सयानी करू लागले. दर बुधवारी संध्याकाळी रेडिओभोवती माणसे गोळा होत. तेव्हा घरोघरी रेडिओ नसे. म्हणून शेजारी, पानवाले, हॉटेलातील गिऱ्हाइके असे सगळे मिळून तो कार्यक्रम ऐकत.

पहिल्याच कार्यक्रमानंतर सुमारे नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत असत. पुढे पत्रांची संख्या खूपच वाढली. मग गाण्यांचा क्रम लावण्याची पद्धत सुरू झाली. तबकड्यांची विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोते-मंडळांची मते पाहून हा क्रम ठरे. गाणे कितव्या पायरीवर आहे हे सांगताना सयानी 'पायदान' हा शब्द वापरीत. हा कार्यक्रम १९८९ साली विविध भारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला. अमीन सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले.

या साऱ्या गोष्टीत एक उणीव तुमच्या लक्षात आली का? फर्माइशीत गाण्याचे नाव असे आणि श्रोत्याचे नाव असे, परंतु 'का?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा नसे. पायदानावरून गाणे किती जणांना आवडते हे कळे. ते एकाला कशासाठी आवडते हे कळत नसे. पोस्टकार्डावर जागा थोडी होती, हेही खरे. आज मोबाईलवरून एका क्षणात अख्खे गाणे मित्राला पाठवता येते. जागा पुष्कळ आहे. पण आपण नुसते गाणे पाठवतो आणि कारण मनातच ठेवतो.

कारण कसे शोधावे?

कारण सांगता येत नाही, याचा अर्थ कारण नसते असा नाही. ते आपण शोधलेले नसते. गाणे ऐकताना पुढील पाच गोष्टींकडे लक्ष द्या. पाचांपैकी निदान एका ठिकाणी तुमचे उत्तर सापडेल.

पहिली गोष्ट म्हणजे शब्द. गाण्याचा अर्थ काय आहे? एखादा शब्द मनात का राहतो? तुम्हाला उर्दू गझल माहीत आहे. मतला, मक्ता, काफिया आणि रदीफ हे शब्द तुम्ही वर्गात ऐकले असतील. मराठी गझलेतही हेच शब्द वापरतात. कवी सुरेश भट यांनी मराठी गझल लोकांपर्यंत नेली आणि नव्या कवींसाठी गझलेचे नियमही समजावून सांगितले. मराठी गझल ऐकताना काफिया ओळखून पाहा. अनोळखी भाषेत ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटेल.

दुसरी गोष्ट म्हणजे चाल. चाल म्हणजे सुरांची मांडणी. सूर कोठे वर चढतो, कोठे खाली उतरतो आणि कोठे थांबतो, हे ऐका. काही गाण्यांचे शब्द आपण विसरतो, पण चाल विसरत नाही. असे झाले, तर ते गाणे तुम्हाला चालीमुळे आवडते, हे नक्की.

तिसरी गोष्ट म्हणजे आवाज. एकच गाणे दोन गायकांनी गायले, तर ते सारखे वाटत नाही. एकाचा आवाज मऊ, दुसऱ्याचा भारदस्त. एक गायक श्वास घेतल्याचे कळूही देत नाही; दुसरा थांबतो आणि ते थांबणेच गोड वाटते.

चौथी गोष्ट म्हणजे ताल. मांडीवर हलकेच थाप देऊन मोजा. दादरा तालात सहा मात्रा असतात, केरव्यात आठ आणि तीनतालात सोळा. कव्वालीत टाळ्या कशा पडतात, तेही पाहा. तालामुळे पाय आपोआप हलू लागतो.

पाचवी गोष्ट म्हणजे वाद्ये. शब्द नसलेले संगीतही मनाला भिडते. सनईचे उदाहरण घ्या. उस्ताद बिस्मिल्ला खाँ वाराणसीला गंगेच्या काठी सनईचा रियाज करीत. लग्नघरी वाजणारे हे वाद्य त्यांनी मोठमोठ्या मैफलींत नेऊन बसवले. २००१ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. सनईला हार्मोनियमसारख्या पट्ट्या नसतात. वादक बोटांनी छिद्रे पूर्ण किंवा अर्धी झाकतो आणि फुंकर कमीजास्त करतो. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाता येते. याला मींड म्हणतात. हे माहीत झाल्यावर सनई पुन्हा ऐका. पूर्वी जे नुसते गोड वाटत होते, ते का गोड आहे हे आता कळेल.

याशिवाय आणखी एक कारण असते, ते म्हणजे आठवण. आजी चक्कीवर किंवा शिवणयंत्रावर बसून एखादे गीत गुणगुणत असेल, तर ते गीत तुम्हाला जन्मभर आवडेल. हे कारण गाण्यात नसते, ते आपल्यात असते. तरीही ते खरे कारण आहे आणि ते सांगण्यात संकोच बाळगू नये.

कारण सांगितल्याने काय होते?

लता मंगेशकर यांनी आपल्या उमेदवारीच्या काळातील एक आठवण पुष्कळदा सांगितली आहे. हा प्रसंग १९४७ च्या सुमाराचा आहे. मुंबईच्या लोकलगाडीत संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांची अभिनेते दिलीपकुमार यांच्याशी ओळख करून दिली. ही मुलगी मराठी आहे असे कळताच दिलीपकुमार म्हणाले, की मराठी लोकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. लताबाईंना आधी वाईट वाटले. मग त्यांनी विचार केला, की बोलण्यात तथ्य आहे. त्यांनी उर्दू शिकवणारे शिक्षक शोधले आणि नेटाने उच्चार शिकून घेतले. पुढे त्यांच्या उर्दू उच्चारांचे जाणकारांनी कौतुक केले.

या गोष्टीवरून काय दिसते? "गाणे चांगले नाही" एवढेच कोणी म्हटले असते, तर लताबाईंना काय सुधारावे ते कळले नसते. दोष कोठे आहे हे कळले, म्हणून तो दूर करता आला. कारण सांगितलेले मत उपयोगी पडते. मग ते स्तुतीचे असो की टीकेचे. मात्र टीका करताना समोरच्याचे मन दुखणार नाही अशा शब्दांत केली, तर ती अधिक लवकर पटते.

आता याच्या उलट दिशेचा प्रवास पाहा. मोहम्मद रफी पंजाबचे. त्यांनी संगीतकार श्रीकांत ठाकरे यांच्याकडे मराठी गाणी गायली. वंदना विटणकर यांनी लिहिलेले 'शोधिसी मानवा' हे त्यांपैकी एक प्रसिद्ध गीत. उर्दू माध्यमाच्या एका विद्यार्थिनीला आपली आवड मराठीत लिहायची आहे असे समजा. ती असे लिहू शकेल :

"मी सध्या मोहम्मद रफी यांचे एक मराठी गाणे ऐकते. या गाण्यात कवयित्री सांगते, की ईश्वराला बाहेर शोधू नये, तो माणसाच्या मनातच असतो. हा विचार मला आवडतो, कारण आमच्या उर्दू शायरीतही तो भेटतो. गाण्याची चाल संथ आहे, त्यामुळे प्रत्येक शब्द समजतो. उर्दूत 'ळ' हे अक्षर नाही आणि मला ते म्हणायला अवघड जाते. या गाण्यात ते येते. रफीसाहेबांनी ते कसे उच्चारले, हे मी पुन्हा पुन्हा ऐकते आणि त्यांच्यासारखे म्हणून पाहते. तू हे गाणे ऐक आणि तुला काय वाटते ते मला सांग."

पाहा, लहान लहान वाक्ये आहेत. कठीण शब्द एकही नाही. तरी वाचणाऱ्याला गाण्याचा अर्थ कळला, चाल कळली आणि लिहिणारीची मेहनतही कळली. शेवटचे वाक्य तर फारच महत्त्वाचे आहे. तिने आपली आवड सांगितली आणि मैत्रिणीचीही विचारली.

ऐकून घेणाऱ्याने काय करावे?

आवड सांगणे ही एक बाजू झाली. ती ऐकून घेणे ही दुसरी बाजू. पुष्कळ मुले आपली आवड सांगत नाहीत, कारण कोणी हसेल अशी त्यांना भीती वाटते. "हे काय जुनाट गाणे!" किंवा "हे तर लहान मुलांचे!" असे एकदा कोणी म्हटले, की ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

प्रत्येक घरात ऐकण्याची रीत वेगळी असते. कोणाच्या घरी नात आणि हम्द ऐकतात, कोणाच्या घरी कव्वाली, कोणाच्या घरी अभंग, तर कोणाच्या घरी फक्त चित्रपटगीते. कोणाला संगीत फारसे आवडतही नाही. त्याला पावसाचा आवाज आवडतो. आपली आवड दुसऱ्यावर लादू नये. दुसऱ्याने दिलेले गाणे निदान एकदा पुरते ऐकावे. न आवडल्यास "वाईट आहे" असे न म्हणता "मला तो ताल फार जलद वाटला" असे म्हणावे. म्हणजे बोलणे तुटत नाही, पुढे चालू राहते.

आणखी एक लक्षात ठेवा. आवड सांगणे वेगळे आणि मोठ्या आवाजात गाणे लावून साऱ्या गल्लीला ऐकायला लावणे वेगळे. शेजारी कोणी आजारी असेल, कोणी अभ्यास करीत असेल, कोणी इबादत करीत असेल. ज्याला ऐकायचे आहे त्यालाच ऐकवणे, हीच खरी रसिकता.

मित्रांनो, माणसे एकमेकांना नाव, गाव आणि वर्ग विचारतात. त्यामुळे ओळख होते. पण ती वरवरची असते. "तू हल्ली काय ऐकतोस आणि का?" हा प्रश्न थोडा अधिक खोल जातो. तुम्हाला मराठी शिकायची आहे. तुमच्या शेजारच्या मराठी शाळेतील मुलाला तुमच्या गझला आणि कव्वाल्या समजून घ्यायच्या असतील. तुम्ही त्याला एक गाणे सांगा, त्याचे कारण सांगा आणि त्याच्याकडून एक गाणे व त्याचे कारण मागून घ्या. या देवघेवीत कोणाचेही काही कमी होत नाही. दोघांकडेही दोन-दोन गाणी होतात, आणि दोघांची भाषाही थोडी वाढते.

स्वाध्याय

१. 'दाद' या शब्दाचे मराठीत कोणते दोन अर्थ आहेत?
२. झुमरी तलैया हे गाव कशामुळे प्रसिद्ध झाले?
३. लता मंगेशकर यांनी उर्दू उच्चार शिकण्याचे का ठरवले?
४. गाणे ऐकताना कोणत्या पाच गोष्टींकडे लक्ष द्यावे?
५. उर्दूत आणि मराठीत सारख्या अर्थाने वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.
६. तुम्ही सध्या कोणते गाणे ऐकता आणि का, हे मराठीत आठ ओळींत लिहा. 'छान' हा शब्द वापरू नका.